ताटातील तेल आणि पेशीतील जनुके

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत धम्मावर, शिक्षणावर, संविधानावर भाषणे होतात. अशा ठिकाणी आम्ही तेला-तुपावर बोलणार म्हटल्यावर काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू आले, ते आम्ही पाहिले. परंतु विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपल्या समाजात अलीकडे शोकसभा कोणाच्या होतात, ते जरा आठवून पाहावे. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या होतात, तशाच पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या कर्त्या माणसांच्याही होतात. नोकरी लागली, घर बांधले, मुले कॉलेजात गेली, आणि हृदयविकाराने किंवा मधुमेहाने माणूस गेला. एका पिढीने वर चढायचे आणि दुसरी पिढी चढण्याआधीच आधार कोसळायचा, असे होऊ लागले तर चळवळीचे काय होईल? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते आपल्याला सोडून गेले, हे आपण कधीही विसरता कामा नये.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि बँकेत खतावणीचे काम करतो. तेव्हा वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजले, तेवढेच साध्या भाषेत आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम इतिहासाची एक गोष्ट. तूप हा आपल्या दृष्टीने केवळ खाण्याचा पदार्थ कधीच नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ हे न झालेले भाषण छापून प्रसिद्ध केले. त्यात जयपूर संस्थानातील चकवारा या गावाची घटना नोंदवली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या जातबांधवांना जेवण दिले आणि त्यात तुपाचे पदार्थ केले. पंगत बसली असताना सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले. त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना झोडपून काढले. यजमान आणि त्याचे पाहुणे तूप खाण्याइतके उद्धट झाले, एवढाच त्यांचा अपराध! तूप परवडते की नाही, हा प्रश्न तेथे नव्हता. तूप खाण्याचा अधिकार आहे की नाही, हा होता.

म्हणूनच आज जयंतीच्या जेवणात भाजीवर बोटभर तेलाचा तवंग दिसला की आपल्याला समाधान वाटते. लग्नात पुरी, भजी, जिलेबी झाली नाही तर पाहुणा नाराज होतो. जे नाकारले गेले ते भरभरून वाढावे, ही भावना आम्ही पूर्णपणे समजू शकतो. ज्यांच्या आजोबांना कोरडी भाकर मिळाली, त्यांना कोणी शहाण्याने ‘तेल कमी खा’ म्हटले तर राग येणारच. तेव्हा एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कोणी मज्जाव केला म्हणून न खाणे ही गुलामी होय. समजून-उमजून, मोजून खाणे हे स्वातंत्र्य होय. आजचे भाषण या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

आता विज्ञानाकडे वळू. एक ग्रॅम पिष्ट पदार्थातून किंवा प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी ऊर्जा मिळते. एक ग्रॅम तेलातून किंवा तुपातून सुमारे ९ मिळतात. बरीच वर्षे शास्त्रज्ञही स्निग्ध पदार्थांकडे एवढ्याच दृष्टीने पाहत होते. तेल म्हणजे इंधन, जास्त घातले तर उरते आणि कमरेभोवती साठते. हा हिशोब खोटा नाही, पण अपुरा आहे. आपण खाल्लेले तेल नुसते जळत नाही. ते शरीरातील पेशींना हुकूमही देते. हा हुकूम जनुकांपर्यंत जातो.

जनुक म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना पाठ असेल, आमच्यासारख्यांसाठी सांगतो. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. त्यांत डी.एन.ए.चा लांबलचक धागा असतो आणि त्या धाग्यावर प्रथिने तयार करण्याच्या कृती लिहिलेल्या असतात. अशा एका कृतीला ढोबळमानाने जनुक म्हणावे. माणसात प्रथिने बनवणारी अशी सुमारे वीस हजार जनुके आहेत. गंमत अशी की डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत पुस्तक एकच असते. मग डोळा पाहतो आणि यकृत पचनाचे काम करते, ते कसे? कारण प्रत्येक पेशी त्या पुस्तकातील काही पाने उघडते आणि बाकीची मिटून ठेवते. कोणते पान कधी उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, यावर शरीराचा सारा कारभार चालतो. खाल्लेल्या अन्नापासून शक्ती आणि शरीर घडवण्याच्या या कारभाराला चयापचय म्हणतात.

मग पान उघडणारा हात कोणाचा? बँकेतल्या माणसाला येथे लॉकरची आठवण होते. लॉकर एका किल्लीने उघडत नाही. एक किल्ली बँकेची, दुसरी खातेदाराची. दोन्ही लागल्या तरच दार उघडते. पेशीच्या केंद्रकातही असेच आहे. तेथे काही प्रथिने बँकेची किल्ली हातात घेऊन उभी असतात. त्यांना ग्राही म्हणतात. १९९० साली इसेमान आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी उंदराच्या यकृतात असा एक ग्राही शोधला. त्याचे नाव लांबलचक आहे. संक्षेपाने त्याला ‘पीपार’ म्हणू. पुढच्या काही वर्षांत लक्षात आले की या ग्राहीला लागणारी दुसरी किल्ली म्हणजे आपण खाल्लेल्या तेला-तुपातील स्निग्धाम्लेच आहेत! स्निग्धाम्ल येऊन पीपारला चिकटले की तो जोडीदार प्रथिनासह डी.एन.ए.वरील ठरावीक जागी काम सुरू करतो आणि तेथील जनुके जागी होतात.

पीपार तीन प्रकारचे आहेत. पहिला मुख्यतः यकृतात असतो. आपण उपाशी राहिलो की साठवलेली चरबी सुटते, तिची स्निग्धाम्ले यकृतात येतात, हा पीपार जागा होतो आणि चरबी जाळणाऱ्या जनुकांना कामाला लावतो. दुसरा चरबीच्या पेशींत असतो. जादा चरबी इकडे-तिकडे न सांडता योग्य जागी साठवण्याचे काम तो पाहतो. तिसरा स्नायूंसह अनेक ठिकाणी असतो आणि चरबी वापरायला मदत करतो. ही केवळ पुस्तकी गोष्ट आहे असे समजू नका. रक्तातील चरबी कमी करण्यासाठी डॉक्टर फेनोफायब्रेट देतात, त्याचा परिणाम पहिल्या पीपारवर होतो. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन देतात, ते दुसऱ्यावर काम करते. म्हणजे ज्या दारांवर औषधे टकटक करतात, त्याच दारांवर आपले रोजचे तेलही टकटक करत असते. औषधाइतक्या जोराने नव्हे, पण रोज, दोन वेळा, वर्षानुवर्षे.

याच्या उलट कामाचा आणखी एक कारभारी आहे. अमेरिकेतील डॅलस येथील ब्राऊन आणि गोल्डस्टीन या नोबेल मानकऱ्यांच्या प्रयोगशाळेने त्याचा १९९३ साली छडा लावला. त्याचा एक प्रकार यकृतात नवी चरबी तयार करणारी जनुके चालू करतो. त्याला जोर कशाने चढतो? इन्शुलिनने. आणि इन्शुलिन कशाने वाढते? भाताने, पावाने, साखरेने. आता आपल्या दिवसाचा हिशोब करा. सकाळी चहा-पाव, दुपारी भाताचे ताट, चार वाजता पुन्हा दोन चमचे साखरेचा चहा आणि वडापाव, रात्री पुन्हा भात. जो शेतात राबतो, त्याचे स्नायू हे सारे वापरून टाकतात. जो आमच्यासारखा दिवसभर खुर्चीत बसतो, त्याच्या यकृतात चरबीचा कारखाना सुरू राहतो. म्हणून ‘आम्ही तर तूप खात नाही, आम्हाला चरबी कशी?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा भाताच्या आणि साखरेच्या डब्यात सापडते. गंमत म्हणजे या कारभाऱ्याला आवर घालण्याचे काम काही तेलेच करतात. सूर्यफूल, करडई, सोयाबीन, जवस, मासळी यांतील बहुअसंपृक्त स्निग्धाम्ले त्याचा जोर कमी करतात.

येथे तेलांची जात सांगणे आले. जात हा शब्द आम्ही केवळ तेलापुरताच वापरतो! स्निग्धाम्ले मुख्यतः तीन प्रकारची. तूप, लोणी, खोबरेल यांत संपृक्त स्निग्धाम्ले जास्त असतात आणि पामतेलातही ती जवळपास निम्मी असतात. शेंगदाणा तेलात एकअसंपृक्त सुमारे निम्मी असतात. मराठवाड्यातील करडई, तसेच सूर्यफूल आणि सोयाबीन यांत बहुअसंपृक्त जास्त असतात. या शेवटच्या प्रकारात ओमेगा-३ नावाचा एक खास पोटप्रकार आहे. तो जवसात भरपूर असतो, आणि त्याचे शरीराला थेट वापरता येणारे रूप बांगडा, तारली यांसारख्या मासळीत असते.

तेलाच्या प्रकाराने खरोखर फरक पडतो का? स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाने २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सडपातळ अशा ३९ तरुण माणसांना सात आठवडे नेहमीच्या जेवणाबरोबर जादा केक खायला दिले. निम्म्यांच्या केकमध्ये पामतेल होते, निम्म्यांच्या केकमध्ये सूर्यफुलाचे. बाकी सर्व सारखे. दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे दीड किलो वाढले. म्हणजे काट्यावर उभे केले तर काहीच फरक नाही. परंतु आत तपासणी केली तेव्हा पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आत जास्त चरबी साचलेली आढळली. सूर्यफूलवाल्यांच्या वाढलेल्या वजनात स्नायूंसारख्या भागाचा वाटा जास्त होता. चरबीतील जनुकांचे कामकाजही दोन गटांत वेगळे झालेले दिसले. कॅलरी तेवढ्याच, हुकूम वेगळा! अर्थात सूर्यफुलाचे तेल पिंपाने प्यावे असा याचा अर्थ नव्हे. वजन दोघांचेही वाढले, हे ध्यानात ठेवावे. पण बाजारातील स्वस्त फरसाण, बिस्किटे आणि टोस्ट यांच्या पाकिटावर पामतेल किंवा पामोलिन हे शब्द किती वेळा छापलेले असतात, हे विद्यार्थ्यांनी घरी जाऊन वाचून पाहावे.

आणि मग वनस्पती तूप. १९३० च्या दशकात मुंबईत शिवडी येथे वनस्पतीचा कारखाना निघाला आणि डालड्याचा डबा घराघरांत गेला. ज्यांना साजूक तूप परवडत नव्हते त्यांच्या लग्नातला लाडू याच डब्यातून झाला. डबा रिकामा झाला की त्यात तांदूळ भरला, रोप लावले. तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना अर्धवट राहिलेल्या प्रक्रियेत ट्रान्स नावाची वेडीवाकडी स्निग्धाम्ले तयार होतात. ती रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले कमी करतात. सरकारने या ट्रान्सवर टप्प्याटप्प्याने मर्यादा आणल्या: आधी १० टक्के, मग ५, जानेवारी २०२१ पासून ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. म्हणजे गरिबाच्या ताटातील हा दोष कायद्याने दूर व्हायला किती दशके लागली, ते पाहा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणेही घातक. वापरलेल्या तेलात बिघडलेले घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम २०१८ पासून लागू आहे. काळे पडलेले, फेसाळणारे, धूर सोडणारे तेल कढईत दिसले तर तेथील वडा खाऊ नये, एवढे तर यंत्राशिवायही समजते.

आता आम्ही या विषयाच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. त्याचे संशोधन परदेशात नव्हे, आपल्या महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. शेतात काम करणाऱ्या, अंगाने किरकोळ अशा या स्त्रिया. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे साडेतीन किलो होते. कोणीही म्हणेल, आपली बाळे हडकुळी. परंतु मोजमाप केले तेव्हा आढळले की बाळांचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार! २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिक यांनी त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांच्यासह स्वतःचेच छायाचित्र वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के!

असे का व्हावे? संशोधकांच्या मते पोटातले बाळ आईच्या ताटाचा अंदाज घेत असते. बाहेर दुष्काळ आहे असे कळले की ते मेंदू वाचवते, चरबीची शिल्लक राखते आणि स्नायूंवरचा खर्च कमी करते. जनुकांचे पुस्तक बदलत नाही. पण त्याच्या पानांवर रासायनिक खुणा केल्या जातात. हे पान मिटलेले ठेवा, ते उघडे ठेवा. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली होती. त्या काळात गर्भात आलेल्या माणसांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरील अशा खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या. हा शोध २००८ साली प्रसिद्ध झाला. आता आपल्या आजीचा, पणजीचा विचार करा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहून मुले जन्माला घातली, १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढला. भुकेसाठी तयार झालेले शरीर अचानक तळलेल्या पदार्थांच्या आणि खुर्चीच्या युगात आले. हा आमच्या मते शरीरावर कोरलेला सामाजिक इतिहास आहे.

त्याच पुणे अभ्यासात दिसले की गरोदरपणात ज्या मातांच्या आहारात स्निग्धांश अधिक होता, त्यांची बाळे लांबीला आणि वजनाला अधिक भरली. आणि दूध, हिरव्या पालेभाज्या, फळे यांचा संबंध तर त्याहून ठळक होता. म्हणजे ज्या तेलाबद्दल आम्ही पन्नाशीच्या पुरुषाला सबुरी सांगतो, तेच गरोदर सुनेच्या ताटात मात्र कमी पडता कामा नये! आणखी एक गोष्ट. बहुसंख्य मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. जनुकांवर खुणा करण्याच्या रसायनाला हे जीवनसत्त्व लागते. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. बी-१२ दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. भाजीपाल्यातून मिळत नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून स्त्रियांना दिवस जाण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध यांचा खाऊ रोज दिला. खाऊ मिळालेल्या स्त्रियांत गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के राहिले, इतरांत ते १२.४ टक्के होते. एका मुठीएवढ्या खाऊने हे घडू शकते!

यावर कोणी म्हणेल, ‘आमच्या रक्तातच साखर आहे, आमच्या नशिबातच आहे.’ येथे आपण बौद्ध आहोत याची आठवण ठेवावी लागते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची चिकित्सा आनुवंशिकतेच्या आधारे केली आहे. मूल आई-वडिलांपासून गुणधर्म घेते, मागल्या जन्माच्या पाप-पुण्यातून नव्हे, हा त्या चिकित्सेचा गाभा होय. जन्मावरून माणसाची लायकी ठरत नाही, हे सांगण्यासाठी आपण धम्म स्वीकारला. मग जन्माने मिळालेल्या जनुकांवरच सर्व ठरते, असे मानून हात जोडून बसणे म्हणजे ब्रह्मलिखिताला मागच्या दाराने पुन्हा घरात घेणे नव्हे काय? जनुक हे कारण आहे, पण ते एकटे कारण नाही. त्याला अन्न, श्रम, झोप आणि आईचे पोषण असे अनेक प्रत्यय लागतात. कारण बदलले की कार्य बदलते, ही प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण आपण येथे नेहमी ऐकतो. मात्र बुद्धांना जनुके ठाऊक होती, असे म्हणण्याचा मोह कोणी धरू नये. जे त्यांनी सांगितले नाही ते त्यांच्या नावावर जमा करणे, ही खोटी नोंद होईल.

त्यांनी काय सांगितले, ते मात्र सुत्तात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भाताचे जेवण करून धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला हिणवले नाही किंवा उपास करायला सांगितले नाही. मात्रा जाणून खाणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची एक गाथा म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी आपल्यासमोर म्हणण्याचे काम दिले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले. यातला ‘हळूहळू’ हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो.

आता माणगावकरांनी काय करावे? आम्हाला सुचलेल्या पाच गोष्टी सांगतो.

पहिली, तेल मोजावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील तज्ज्ञांच्या २०१० च्या शिफारशीत बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम तेल-तूप पुरेसे मानले आहे. कष्टाचे काम करणाऱ्यांना ते अनुक्रमे ४० आणि ३० ग्रॅम, आणि गरोदर स्त्रीला ३० ग्रॅम आहे. बैठे काम करणारे दोन पुरुष आणि दोन स्त्रिया असे चौघांचे घर धरले तर महिन्याला २ किलो ७०० ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन लिटर. आपल्या घरात किती पिशव्या फुटतात, ते या महिन्यात मोजावे. जमाखर्च लिहिल्याशिवाय गळती सापडत नाही.

दुसरी, एकाच तेलाला चिकटून राहू नये. एक महिना शेंगदाणा, एक महिना सूर्यफूल किंवा करडई, असा फेर ठेवावा. जवसाची चटणी जेवणात आणावी.

तिसरी, आपल्या मासळीची लाज धरू नये. श्रीवर्धन-दिघीकडून बाजारात येणारा बांगडा आणि तारली ही महागड्या पापलेटपेक्षा ओमेगा-३ च्या बाबतीत मुळीच कमी नाहीत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुकट, बोंबील घरात असतातच. पाहुण्यासमोर सुकटीचा वास लपवणारी मंडळी आम्ही पाहिली आहेत. लपवण्याजोगे त्यात काहीही नाही. मात्र बांगडा तेलात पोहत तळण्यापेक्षा कालवणात घालावा, आणि ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी सुक्या मासळीतील मिठाकडे लक्ष द्यावे.

चौथी, घरातील स्त्री शेवटी जेवते आणि उरलेसुरले खाते, ही प्रथा मोडावी. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना सारखे, असे २० मार्च १९२७ रोजी आपल्या शेजारच्या महाडला ठरले. मग घरातील दुधाचे, अंड्याचे, मासळीचे वाटप सारखे का नसावे? सुनेचे आणि वयात येणाऱ्या मुलीचे ताट ही पुढच्या पिढीच्या जनुकांची पहिली शाळा आहे.

पाचवी संस्थेसाठी. जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनात एक तळलेला पदार्थ कमी करून त्या जागी उसळ, पालेभाजी किंवा फळ द्यावे. खर्च वाढणार नाही. त्याच दिवशी सभागृहाच्या दारात एक वजनकाटा आणि मोजपट्टी ठेवावी. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोक्याची सूचना मानतात. मोजपट्टीला अगदी थोडे पैसे लागतात, अँजिओप्लास्टीला किती लागतात, ते कर्जाच्या अर्जांवरून आम्हाला ठाऊक आहे.

हे सारे सांगताना एक इशारा. ज्यांना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत त्यांनी आमचे भाषण ऐकून त्या बंद करू नयेत. तेल बदलणे हे औषधाला पर्याय नाही, ते औषधाचे ओझे हलके करणारे काम आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे चार शब्द तुमच्यासाठी. जनुक आणि आहार यांच्या नात्याचे हे शास्त्र अजून तरुण आहे. कोणत्या माणसाला कोणते तेल मानवते, आपल्या आदिवासी, कोळी, शेतकरी आणि बौद्ध वस्त्यांतील मुलांच्या शरीरात काय घडते, हे शोधायला माणसे हवी आहेत. ती माणसे पुण्या-मुंबईहूनच यावीत असे कोठे लिहिले आहे? काळ नदीच्या काठच्या मुलीने जीवशास्त्र शिकावे, आपल्याच वाडीतील बाळांची वजने घ्यावीत, आणि जे खरे आढळेल ते जगाला सांगावे. ज्यांच्या पूर्वजांना तूप खाल्ले म्हणून मार बसला, त्यांच्या नातवंडांनी तुपाचे रसायनशास्त्र जगाला शिकवावे, याहून मोठे उत्तर ते कोणते?



जयभीम! नमो बुद्धाय!